वाईटांची बस

ऑगस्ट लागला की दाराबाहेर पाऊल टाकल्याबरोबर माझ्या चष्म्यावर वाफ धरते. जून-जुलैतला दोहाचा उन्हाळा कोरडा असतो. भट्टीसारखा, पण सरळ. त्याच्याशी दोन हात करता येतात. ऑगस्टात मात्र समुद्र उठून हवेत येऊन बसतो. गाडीच्या काचांना बाहेरून घाम फुटतो. एसीच्या पाइपाखाली ठेवलेली बादली तासाभरात भरते. दोरीवर घातलेला टॉवेल संध्याकाळी जास्तच ओला होऊन परत येतो.

या दिवसांत दोहाच्या मुऐदर भागातलं आमचं कंपाउंड ओस पडतं. ज्यांना जमेल ते सगळे सुट्टीवर गावी जातात. दारांपुढच्या मुलांच्या सायकली धूळ खात पडतात. शुक्रवारी सकाळी माझ्या हॉलमध्ये भरणारा मराठीचा वर्गही बंद असतो. एरवी तिथं आठ-दहा मुलं येतात, मी विचारलेलं सगळं त्यांना कळतं आणि उत्तरं इंग्रजीत देतात. त्यांचाही आवाज नसला की घर फार मोठं वाटतं.

काल चष्मा पुसत दारात उभी होते आणि शेजारच्या व्हिलाकडे नजर गेली. तिथं आता एक लेबनीज कुटुंब राहतं. पण ऑगस्टात त्या पायरीवर मला दुसरीच एक बाई उभी दिसते. उंच, रुंद, गळ्यात पांढरा नॅपकिन, पायात पुरुषांचे असावेत तसे मोठे बूट. मला पाहून कमरेत वाकणारी. फुमिको सान.

चार वर्षं झाली.

त्या उन्हाळ्यात मी सांगलीला गेले नव्हते. कुणी विचारलं तर सांगायला कारणं होती. माझ्या मुलाची, इशानची, बारावी होती. रास लाफानला गॅसच्या प्लांटचं शटडाऊन असल्यामुळे नवरा दोन-दोन आठवडे तिकडेच असायचा. खरं कारण मी कुणाला सांगत नव्हते. मार्चमध्ये माझे वडील, आप्पा, गेले होते. चार महिने आजारी होते आणि मला कुणी कळवलं नव्हतं. "तुला तिकडं लांब उगीच घोर नको म्हणून," असं माझा भाऊ म्हणाला होता. मी विमानतळावरून थेट स्मशानात पोचले तेव्हा चिता पेटलेली होती. तेराव्याला भावाला सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले आणि परत आले. त्यानंतर त्याचा फोन मी उचलत नव्हते.

अशा दिवसांत एका संध्याकाळी शेजारची रिए दारात आली. तिशी ओलांडलेली, बारीक अंगाची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. हमद पोर्टवर कंटेनर उचलणाऱ्या क्रेन बसवण्याचं काम चालू होतं, तिथं ती इंजिनियर होती. पहाटे पाचला जायची, अंधार पडता पडता यायची. हातात मिठाईचा डबा होता आणि चेहऱ्यावर संकोच.

"माझी आई आली आहे जपानहून. दिवसभर एकटी असते," ती म्हणाली. "तुम्ही सकाळी मॉलमध्ये चालायला जाता ना? तिला न्याल का? ती जिममध्ये काम करायची. बसून राहिली की तिचे गुडघे आखडतात."

बाहेर चालणं शक्य नसतं, म्हणून इथली माणसं उन्हाळ्यात मॉलमध्ये चालतात. दुकानांची शटरं खाली असतात, फरशी नुकतीच पुसलेली असते, आणि आपल्यासारखेच चार-दोन लोक बंद काचांमधल्या पुतळ्यांसमोरून गोल गोल फिरत असतात. दुसऱ्या दिवसापासून मी आणि रिएची आई, फुमिको, दोघी फिरू लागलो; जपानी रीतीनं आदराचं 'सान' लावून मी तिला फुमिको सान म्हणायचे. तिचं इंग्रजी मोजून शंभरेक शब्दांचं. माझं बरं, पण तिच्यासमोर उपयोगाचं नव्हतं. अडलं की ती फोनमध्ये जपानी बोलायची, फोन मला इंग्रजी वाचून दाखवायचा आणि बहुतेक वेळा काहीतरी भलतंच सांगायचा. मग आम्ही हसायचो. आप्पा गेल्यावर मी पहिल्यांदा हसले ते त्या फोनच्या भाषांतराला.

चौथ्या की पाचव्या दिवशी घाम पुसताना तिनं केस मागे सारले आणि मला तिचे कान दिसले.

मी जागच्या जागी थांबले. पाळ्या सुजून, मुडपून, आतल्या आत गोळा झालेले कान. कपाळावर केसांच्या रेषेत पांढरे वण, एकाखाली एक. वण मला कळले नाहीत, पण कान ओळखीचे होते. असे कान मी लहानपणापासून पाहिले होते. आप्पांच्या मांडीवर बसून मी त्या कानांत बोट घालायचे आणि ते म्हणायचे, "पैलवानाचा कान आहे बाई, ह्याला हात लावायचा तर आधी जोर काढावं लागतात." तालमीच्या लाल मातीत डोकं घासून घासून झालेले कान. शेवटी शेवटी त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणे. तेही मला नंतरच कळलं.

"कुस्ती?" मी मराठीतच विचारलं.

तिला कळलं नाही. मग काय करावं? मी इकडेतिकडे पाहिलं, ओढणी कमरेला खोचली, वाकले आणि मांडीवर शड्डू ठोकला. बंद दुकानांच्या त्या गल्लीत तो आवाज केवढा घुमला! समोरचा सुरक्षारक्षक दचकून वळला. फुमिको सान आधी बघतच राहिली. मग तिचा सगळा चेहरा उघडला. तिनं दोन्ही हात पुढे केले, पाय फाकवले, आणि एकसष्ट वर्षांची ती बाई माझ्यासमोर पवित्र्यात उभी राहिली. क्षणभर मला खरंच भीती वाटली. इतकी ती मोठी झाली होती.

"पस्तीस वर्षं," ती म्हणाली. आणि तोंडावर बोट ठेवलं. "रिएला आवडत नाही."

त्या दिवसापासून चालणं कमी आणि बोलणं जास्त झालं. मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर एक बाक होता, त्यावर आम्ही बसायचो. मी थर्मासमधून चहा न्यायचे, ती भाताचे तिकोनी गोळे आणायची. तिचं आयुष्य मला असंच मिळालं, तुकड्यातुकड्यांनी, हातवाऱ्यांनी, कधी टिश्यू पेपरवर काढलेल्या चित्रांनी.

वडील मासेमारीच्या बोटीवर. सोळाव्या वर्षी ही घरातून पळून कुस्तीच्या कंपनीत गेली. जपानात तेव्हा बायकांच्या कुस्त्या टीव्हीवर लागायच्या आणि शाळकरी मुली त्यांच्यासाठी वेड्या व्हायच्या. कंपनीच्या वसतिगृहात नव्या पोरी मालिश करायच्या, कपडे धुवायच्या, मार खायच्या. वर्षभरानं मालकांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. जी दिसायला नाजूक, डोळे मोठे, ती चांगली. जी आडवी, थोराड, ती वाईट. एवढंच. चांगलीला पांढरे कपडे आणि गाणं. वाईट ठरली तिला काळे कपडे, तोंडाला रंग आणि हातात साखळी. हिला नाव मिळालं रासेत्सु.

तिनं ती अक्षरं टिश्यूवर काढून दाखवली. मी घरी येऊन फोनवर शोधलं, तर शब्द आपलाच निघाला. बुद्धाच्या पोथ्यांबरोबर कधीकाळी भारतातून गेलेला. राक्षस. एवढ्या लांबचा प्रवास करून तो शब्द कोळ्याच्या एका सतरा वर्षांच्या पोरीच्या कपाळी जाऊन बसला होता.

"आणि कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असायचं?" मी एकदा विचारलं.

"हो. नेहमी मी हरणार. आधी खूप मारायचं, मग हरायचं."

"म्हणजे खोटी कुस्ती," मी बोलून गेले. आप्पांच्या तोंडी त्यासाठी एक शब्द होता, नुरा. नुरा कुस्ती करणाऱ्याच्या घरचं पाणी ते पीत नसत. तो तिटकारा माझ्याही आवाजात उतरला असणार, कारण भाषा न कळताही तिला कळलं. तिनं माझा हात धरला आणि स्वतःच्या मानेवर मागच्या बाजूला ठेवला. कातडीखाली काहीतरी कडक लागलं. धातूची पट्टी. मग माझा हात तिच्या उजव्या गुडघ्यावर. मग कपाळावरच्या वणांवर. मग तिनं खालच्या फरशीवर दोनदा थाप मारली.

"ही खोटी नसते," ती म्हणाली.

आप्पा असते तर काय म्हणाले असते, याचा मी बरेच दिवस विचार केला. ते जिंकायचे तेव्हा गाव त्यांना खांद्यावर घ्यायचं. हिला पस्तीस वर्षांत कुणी खांद्यावर घेतलं नाही. लोकांनी बाटल्या फेकल्या, भाड्यानं घर दिलं नाही, आईशी बाजारात बायका बोलेनाशा झाल्या. समोरचीला मोठं करायचं हे हिचं काम, आणि ते जितकं चांगलं करावं तितका तिरस्कार जास्त. अशा कामाला आपल्याकडे काय म्हणतात मला माहीत नाही. आईपण त्याच्या जवळपास जातं कधीकधी.

नात्सुएचं नाव तिनं बऱ्याच उशिरा घेतलं.

नात्सुए म्हणजे ती दुसरी. पांढऱ्या कपड्यांतली. वसतिगृहात दोघींच्या गाद्या शेजारी शेजारी. एकीला घरची आठवण आली की दुसरी पांघरुणातून हात बाहेर काढून तिचं बोट धरायची. मालकांनी वाटणी केली आणि त्या दिवसापासून दोघींनी एकत्र दिसायचं नाही असा नियम झाला. लोकांनी पाहिलं तर खेळ संपला. जेवण वेगळं, हॉटेल वेगळं, बससुद्धा वेगळ्या. चांगल्यांची बस नवी, पडदे लावलेली. वाईटांची जुनी, डिझेलच्या वासाची. गावोगाव दोन बस एकाच रस्त्यानं जायच्या आणि हिची बस मागे असली की ही पुढच्या बसच्या मागच्या काचेकडे बघत बसायची. नात्सुए काचेवर बोटानं काहीतरी काढायची. मासा, फूल, कधी नुसतं हसणारं तोंड.

एकमेकींना त्यांनी वीस वर्षं मारलं आणि वीस वर्षं चोरून फोन केले.

एका सामन्याची अट होती की हरेल तिचं डोकं भादरायचं. तेव्हा दोघीही पस्तिशीच्या पुढे होत्या, रिए आठ वर्षांची. हरणारी अर्थात फुमिको सान. हजारो माणसांसमोर तिला खुर्चीत बांधलं आणि नात्सुएच्या हातात मशीन दिलं. लोक ओरडत होते, मुली आनंदानं रडत होत्या. नात्सुए हिच्या कानाशी वाकली. सगळ्यांना वाटलं, शिवी देतेय.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

फुमिको सान हसली. "म्हणाली, डोळे मिट, केस जातील."

नात्सुए पन्नाशी गाठायच्या आत कॅन्सरनं गेली. फुमिको सान शोकाचे काळे कपडे घालून तिच्या अंत्यविधीला गेली. फाटकात नात्सुएची आई उभी होती. त्या माउलीनं सगळं खरं मानलं होतं. आपल्या लेकीला वीस वर्षं साखळीनं मारणारी बाई दारात पाहून ती थरथरायला लागली. आजूबाजूला रडणारे प्रेक्षक होते, फोटोवाले होते. "मी तिची मैत्रीण होते" हे एक वाक्य होतं. फुमिको सानला ते म्हणता आलं नाही. म्हटलं असतं तर नात्सुएचे सगळे विजय त्या फाटकात खोटे झाले असते. ती वाकली आणि परत फिरली.

हे सांगताना ती रडली नाही. भाताच्या गोळ्यावरचा समुद्री शेवाळाचा कागद सोलत राहिली. मी मात्र थर्मासच्या झाकणातला चहा तसाच धरून बसले होते. माझ्या आप्पांचंही मी तोंड पाहिलं नव्हतं. पण मला निदान रडता आलं होतं, ओरडता आलं होतं. हिनं ते कुठं ठेवलं असेल?

त्याच आठवड्यात ती मॉलमध्ये पडली. डावा पाय जरा ओढत होती, तो अडखळला. पण पडली कशी ते सांगायला हवं. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि तळहाताचा सपकन आवाज फरशीवर. डोक्याला जराही लागू दिलं नाही. सुरक्षारक्षक धावत आला तोवर ती उठून बसली होती आणि त्याला सलाम करत होती. मी हसले. मग तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "आपण कुठे आहोत?" आणि माझं हसू गेलं.

त्यानंतर मला दिसायला लागलं. चुकीच्या व्हिलासमोर किल्ली लावत उभी असलेली. त्याच भाताच्या गोळ्यात दोनदा मीठ. एकदा मला "नात्सुए" म्हणाली आणि लगेच स्वतःच्या तोंडावर चापट मारली. जपानमध्ये डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. इतकी वर्षं डोक्याला मार बसला की असं होतं. कमी होत नाही, वाढत जातं.

"रिएला सांगू नकोस," ती म्हणाली.

"का? मुलगी आहे तुमची."

ती बराच वेळ फोनमध्ये बोलली. फोननं त्या दिवशी भाषांतर बरोबर केलं. "माझ्यामुळे तिचं लहानपण गेलं. शाळेत तिला राक्षसाची पोर म्हणायचे. आता तिला कळलं तर ती ही नोकरी सोडून मला घेऊन घरी जाईल. माझ्यामुळे तिचं अजून काही जायला नको. ऑक्टोबरपर्यंत थांब. तिचं काम संपेल. शैला सान, कृपा कर."

आणि ती त्या बाकासमोर कमरेत वाकून उभी राहिली, मी हो म्हणेपर्यंत.

मी हो म्हटलं. जिच्यापासून तिच्या बापाचा आजार लपवला होता, जिनं त्यासाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं, त्याच मी हो म्हटलं. घरी आल्यावर मला हे लख्ख कळलं. संध्याकाळी रिए दारात भेटायची, "आई कशी आहे?" विचारायची, आणि मी म्हणायचे, "छान. आज सहा फेऱ्या मारल्या." माझ्या भावाचाही आवाज फोनवर असाच असायचा. "आप्पा मजेत आहेत. आत्ताच जेवले."

ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांतली गोष्ट. सकाळी मॉलमधून परतताना तिनं गाडीत विचारलं, "आज कुठलं गाव?" मला वाटलं इंग्रजी चुकलं. "दोहा," मी म्हटलं. ती हसली. तिला दारात सोडलं, एसी लावून दिला आणि घरी आले. इशानचा ऑनलाइन क्लास होता, मी स्वयंपाकाला लागले. दुपारी जरा पडले.

दाराची बेल वाजली तेव्हा तीन वाजून गेले होते. आमच्या फाटकावरचा नेपाळी वॉचमन धापा टाकत उभा होता. "मॅडम, जापानी दीदी बाहर रोड पे. जल्दी."

मी तशीच चपला सरकवून धावले. चष्मा धुक्यानं भरला, तो काढून हातात घेतला. मोठ्या रस्त्यावर बसस्टॉपपाशी पाण्याचा एक टँकर उभा होता आणि त्याच्या सावलीत फुमिको सान जमिनीवर बसलेली. चेहरा लालभडक, घाम थांबलेला. टँकरचा ड्रायव्हर तिच्या डोक्यावर बाटलीनं पाणी ओतत होता. पायाशी एक बॅग होती, तिचा हात त्या बॅगेवरून सुटत नव्हता.

"अगं बाई गं!" माझ्या तोंडून निघालं आणि ड्रायव्हरनं मान वर केली.

"मराठी का ताई? बरं झालं देवा. माझं नाव दत्ता, केज तालुक्यातला हाय मी. ट्यांकर भरायला जाताना बघितलं, म्हातारी हितं उभी. दोन तासांनी येताना बघतो तर तिथंच. जाताना एक अन् येताना एक, दोन बसा आल्या ताई, माझ्या डोळ्यांदेखत. डायवरनं दार उघडलं, तर ही बाई वाकून नमस्कार करती अन् मागं सरती. चढतच न्हाई. एवढ्या उन्हात कोन थांबतंय ओ? मग मीच ट्यांकर लावला बाजूला."

मी पळत जाऊन गाडी आणली आणि आम्ही दोघांनी तिला धरून आत घातलं. दत्ताला टँकर टाकून येता येत नव्हतं. तो म्हणाला, "रूमवर गेल्यावर फोन करतो ताई, नंबर द्या. माझी आई बी हिच्याएवढीच हाय." ड्यूटी सांभाळून त्यानं पुढचे चार दिवस इंडस्ट्रियल एरियातून रोज फोन केला.

गाडीत तिनं डोळे उघडले. मी विचारलं, "फुमिको सान, बस आली होती ना? का नाही चढलात?"

ती माझ्याकडे बघत होती, पण मला नाही. अगदी हळू, समजावून सांगावं तसं म्हणाली, "त्या नव्या बस होत्या. चांगल्यांच्या. मी कशी चढू?"

हॉस्पिटलच्या लांब कॉरिडॉरमध्ये रिए पोर्टवरच्या बुटांतच आली. डॉक्टर तिच्याशी बोलले. उष्माघातातून आई वाचेल, पण स्कॅनमध्ये दिसलेलं ते आजचं नाही. ती माझ्याकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दोन आठवडे."

ती ओरडेल याची मी वाट पाहत होते. मीही ओरडले होते. ती ओरडली नाही. भिंतीला टेकली आणि म्हणाली, "ती मला कधीच काही सांगत नाही. लहान होते तेव्हापासून. तुम्हाला सांगितलं. तुम्ही तर पाच आठवड्यांपूर्वी भेटलात."

मी क्षमा मागितली. तिनं मान हलवली आणि आत गेली. मी बाहेर पार्किंगमध्ये, त्या ओल्या गरम हवेत, गाडीला टेकून उभी राहिले आणि पाच महिन्यांनी भावाला फोन लावला.

"शैला?" तो घाबरून म्हणाला. "काय झालं गं?"

"आप्पांनीच सांगू नको म्हटलं होतं ना?"

तो म्हणाला, "माझा हात धरून ठेवला होता गं त्यांनी. मी हो म्हणेपर्यंत सोडला न्हाई."

दोघंही फोन कानाला लावून तसेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी रिएसाठी डबा घेऊन गेले. रात्रभर मी विचार केला होता. एक गुपित ठेवून मी हा घोळ केला होता. दुसरं गुपित तर या बाईनं आयुष्यभर ठेवलं होतं, तिच्या पेशाचं होतं, ते उघडायचा मला काय अधिकार? पण ती स्वतः ते आता किती दिवस सांगू शकणार होती? ती विसरली की जगात ते फक्त माझ्याजवळ उरणार होतं, मुऐदरमधल्या एका परक्या बाईजवळ.

कँटीनमध्ये मी रिएला विचारलं, "नात्सुए कोण होती, माहीत आहे?"

तिचा चेहरा कडक झाला. "सगळ्या मुलींना माहीत होतं. तिचा फोटो होता माझ्या कंपासपेटीत. आई घरी असली की मी तो पालथा घालून ठेवायचे. एकदा आईनं पेटी उघडली होती. फोटो पाहिला, आणि परत पालथा करून ठेवला. मला वाटलं, तिला राग आला."

मग मी सांगायला सुरुवात केली. गाद्या, पांघरुणातून धरलेलं बोट, पुढच्या बसच्या काचेवरचे मासे. खुर्चीत बांधलेली आई आणि कानात सांगितलेलं ते वाक्य. फाटकातून परत फिरणं. मला आठवत होतं ते सगळं, मोडक्या इंग्रजीत, एकही गोष्ट न गाळता. रिएनं डबा उघडला नाही. अर्ध्यातच तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली. एक फिलिपिनो नर्स उठून आली, पाण्याचा ग्लास ठेवून निघून गेली.

"दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही," रिए शेवटी म्हणाली. "केस कापले त्याच्या दुसऱ्या दिवशी. आईला म्हटलं, तू मरून का जात नाहीस. आठ वर्षांची होते. तिनं टोपी घातली आणि माझ्यासाठी अंडं केलं."

सप्टेंबरच्या मध्यावर हवा उतरली आणि त्या दोघी गेल्या. रिएनं काम अर्धवट सोडलं. जे होऊ नये म्हणून फुमिको सान माझ्यापुढे वाकली होती तेच झालं. निघताना व्हीलचेअरमधून तिनं मला पाहिलं, आणि नवीन ओळखीच्या माणसाला करावा तसा आदबीनं नमस्कार केला. मीही वाकले. तिच्याइतकं खाली मला वाकता येत नाही.

माझं चुकलं का? चार वर्षं झाली तरी हा हिशोब मला सुटत नाही. सांगितलं असतं तर ते दोन तास तिनं उन्हात काढले नसते. न सांगण्यात जे दोन आठवडे मिळाले, ते तिचे स्वतःच्या मर्जीचे शेवटचे दिवस होते. कधी एक बाजू जड होते, कधी दुसरी. आता दर रविवारी भावाशी बोलते. तो आप्पांच्या शेवटच्या चार महिन्यांतलं एकेक आठवून सांगतो, काय खाल्लं, काय बोलले, कुणावर चिडले. मी ऐकते.

रिएचा मेसेज फार क्वचित येतो. एक मी जपून ठेवला आहे. काल दारातून आत येऊन तोच पुन्हा वाचला.

तिनं लिहिलं होतं: थंडी पडायच्या आधी आईला नात्सुएच्या थडग्यापाशी घेऊन गेले. आमच्याकडे दगड पाण्यानं धुतात. आईला धुवायला आवडतं हल्ली, तिनं कोपरे न् कोपरे स्वच्छ केले. मग विचारलं, हे कुणाचं? मी म्हटलं, तुझ्या मैत्रिणीचं. तर म्हणाली, मला मैत्रीण होती? कशी होती? शैला सान, मला तर तुम्ही सांगितलंत तेवढंच माहीत आहे. तेवढं मी तिला सांगितलं. दोन मुली होत्या, एक चांगली ठरली आणि एक वाईट. आई लहान मुलासारखी ऐकत होती, मध्ये मध्ये हसत होती. सगळं संपल्यावर म्हणाली, ती दुसरी मुलगी, ती वाईट, तिचं पुढे काय झालं?

मेसेजमध्ये त्याखाली एकच ओळ होती: मी म्हटलं, तिला एक मुलगी झाली.